बुडाचा रंग

(दृश्य : भाट्याची खाडी, रत्नागिरी. ओहोटी. पाण्याबरोबर हळूहळू कलणारी लाकडी बोट.)

पाणी उतरू लागलं की बोट आधी डुलते, मग थांबते, मग एका अंगावर रेलते. आज अमावास्येचं उधाण. उधाणाला पाणी जेवढं वर चढतं तेवढंच खालीही जातं, म्हणून बुडाचं काम याच दिवसांत काढायचं. बोट भरतीला आत आणली, दोन्ही बाजूंना टेकू लावले. पुढची भरती बुडाला लागेपर्यंत खरवडायचं, धुवायचं, सुकवायचं आणि रंग द्यायचा. सगळं मिळून एका दुपारचं काम. या रंगात काय मिसळतात आणि त्यावर पेटंट कुणाला मिळावं, याची ही फिल्म.

(दृश्य : खरवडणीचा क्लोज-अप. पांढरे तुकडे चिखलात पडताहेत. इथे निवेदन नाही, आवाज तसाच.)

हे पांढरं, खडबडीत, फळीला घट्ट चिकटलेलं ते बार्नेकल. दिसतं शिंपल्यासारखं, पण नातं कोळंबी-खेकड्याशी. पिल्लू असताना हे पाण्यात मोकळं फिरतं. वाढीच्या शेवटच्या टप्प्यात त्याचं खाणं बंद होतं. तेव्हा त्याला एकच काम उरतं, चिकटायला जागा शोधायची. जागा पसंत पडली की स्वतःचाच चिकट रस सोडून डोक्याकडून घट्ट बसतं, भोवती चुन्याचा किल्ला बांधतं आणि उरलेला जन्म पाय हलवून अन्न ओढत काढतं.

(दृश्य : काचेच्या भांड्यात बार्नेकलचे पंखासारखे पाय, आत-बाहेर, आत-बाहेर.)

चार्ल्स डार्विन १८४६ ते १८५४ अशी आठ वर्षं या प्राण्यामागे होता. आम्हाला हा एवढासा शॉट मिळवायला दीड दिवस लागला, त्यामुळे त्याच्याबद्दलचा आदर वाढला. तांडेलाला, म्हणजे बोटीच्या प्रमुखाला, मात्र या पायांचं कौतुक नाही. बूड खरबरीत झालं की बोट जड चालते आणि डिझेल जास्त खाते. त्याच्यासाठी विषय तिथेच संपतो.

(दृश्य : रंगाचा डबा उघडतोय. काठीने ढवळणं. दाट तांबडा रंग.)

हा रंग तांबडा दिसतो तो क्युप्रस ऑक्साइडमुळे, म्हणजे तांब्याच्या भस्मामुळे. बुडाच्या रंगात त्याचा वाटा मोठा असतो आणि डबा हाताला जड लागतो तो त्यामुळेच. पण नुसतं तांबं लावून भागत नाही. ते एकदम सुटलं तर महिन्यात संपेल आणि अजिबात सुटलं नाही तर बार्नेकलला काही फरकच पडणार नाही. म्हणून त्यात रोझिन घालतात. रोझिन म्हणजे चिडाच्या झाडाची राळ. समुद्राचं पाणी किंचित अल्कधर्मी असतं आणि ही राळ आम्लधर्मी, म्हणून ती त्यात थोडी थोडी विरघळत राहते. राळ झिजली की खालचं तांबं उघडं पडतं, ते संपलं की पुढचा थर उघडा पडतो. साबणाची वडी झिजते तसं.

राळ, तेल, चुना, तांबं. बोटीच्या बुडाशी यांची गाठ फार जुनी. जहाजाच्या बुडावर लावायच्या लेपाचं नोंदलेलं पहिलं पेटंट इंग्लंडमध्ये १६२५ साली विल्यम बील याला मिळालं. त्यात लोखंडाची पूड होती, सिमेंट होतं आणि बहुधा तांब्याचा क्षार. म्हणजे आपल्याकडे शहाजीराजे निजामशाही-आदिलशाहीच्या धामधुमीत होते, तेव्हाची गोष्ट. पुढे एकोणिसाव्या शतकात लोखंडी जहाजं आली आणि असल्या लेपांच्या पेटंटांचा इंग्लंडात पूर आला. १८७० पर्यंतच तीनशेच्या वर गेली. त्यातले बरेच लेप बार्नेकलांनी आनंदाने वापरले असणार.

(दृश्य : मुंबई, अँटॉप हिल. बौद्धिक संपदा भवनाची इमारत, रस्त्यापलीकडून.)

आता हा शॉट. इमारत बाहेरूनच दिसेल, आत कॅमेरा नेलेला नाही. पश्चिम भारतातले पेटंटचे अर्ज इथे येतात. अर्ज आला की साधारण १८ महिन्यांनी तो जाहीर होतो, तोवर तो बंद पाकिटातच असतो. परीक्षण हवं अशी वेगळी मागणी अर्जदाराने करावी लागते. ती केली की परीक्षक अर्ज उघडतो, जगभरची जुनी पेटंटं आणि शोधनिबंध चाळतो आणि पहिला परीक्षण अहवाल पाठवतो. त्याला उत्तर द्यायला अर्जदाराकडे सहा महिने असतात. मग पुन्हा हरकत, पुन्हा उत्तर, सुनावणी.

त्या अहवालात बुडाच्या रंगाला सगळ्यात जास्त अडवणारा प्रश्न एकच असतो : यात नवीन काय सुचलं? १९७० च्या पेटंट कायद्यात, कलम २(१)(जेए) मध्ये त्याची व्याख्या आहे. शोधाने आधीच्या ज्ञानापेक्षा तांत्रिक प्रगती दाखवावी, किंवा त्याला आर्थिक महत्त्व असावं, किंवा दोन्ही. आणि काहीही झालं तरी तो शोध त्या विषयातल्या कसबी माणसाला सहज सुचण्यासारखा नसावा.

(दृश्य : रंगारी. बोटाने रंगाचा थर तपासतो, पुन्हा ब्रश बुडवतो.)

हा कसबी माणूस कोण? कायद्याच्या पुस्तकात तो काल्पनिक आहे. जगात छापलेलं आणि जाहीर झालेलं सगळं त्याला ठाऊक असतं, पण कल्पनाशक्ती बेताची. आता पडद्यावर जे काका दिसताहेत ते बरोब्बर उलटे आहेत. त्यांनी या विषयावरचं एक पानही वाचलेलं नाही. पण रंग कुठे लवकर सुटतो, सुकाणूजवळ एक हात जास्त का द्यायचा, हे त्यांना विचारा.

एक उदाहरण घेऊ. काल्पनिक आहे, कुणाचा खरा अर्ज नव्हे. समजा, कुणी दावा केला की क्युप्रस ऑक्साइड, झिंक पायरिथिऑन आणि रोझिन यांचं मिश्रण हा माझा शोध. परीक्षक दोन जुने कागद पुढे ठेवील. पहिल्यात तांबं आणि राळ आहे. दुसऱ्यात झिंक पायरिथिऑन. हे द्रव्य शेवाळ आणि बारीक जिवांवर चालतं आणि कोंड्याच्या शॅम्पूमध्येही वापरलं गेलेलं आहे. बार्नेकलसाठी तांबं माहीत, शेवाळासाठी पायरिथिऑन माहीत. मग दोन्ही एका डब्यात घालणं यात नवीन सुचण्यासारखं काय राहिलं? कलम ३(ई) तर आणखी सरळ आहे. घटक एकत्र केल्यावर ज्याच्या त्याच्या गुणांची नुसती बेरीजच होत असेल, तर तो शोधच नव्हे.

(दृश्य : जुना डबा. आत रंग दह्यासारखा घट्ट झालेला. काठी उभीच राहते.)

पण ही बाजूही पाहा. ही दोन द्रव्यं एकत्र ठेवली की काही दिवसांत रंग डब्यातच गोठून जेलीसारखा व्हायचा, ही कारखान्यांची खरी डोकेदुखी होती. पडद्यावरचा डबा त्यातला नाही, तो झाकण उघडं राहिल्याने गेलेला आहे. पण दिसायला असंच. हे गोठणं कसं थांबवायचं यावर गेल्या शतकाच्या अखेरीस पेटंटं दिली गेली. मला ती पटतात. दोन माहीत वस्तू एकत्र करण्यात काही मोठेपणा नव्हता, पण त्या एकत्र का राहत नाहीत हे शोधून त्यांना एकत्र नांदवणं ही कामगिरी होती.

अर्जदाराचं दुसरं हत्यार म्हणजे परस्परपूरक परिणाम, सिनर्जी. ही मोजायची एक जुनी रीत आहे, कुल यांच्या सूत्राची. समजा, तेवढाच परिणाम साधायला एकट्या पहिल्या द्रव्याचे १० भाग लागतात आणि एकट्या दुसऱ्याचे ४. मिश्रणात ५ आणि २ लागले तर अर्धा अधिक अर्धा, उत्तर १. ही नुसती बेरीज झाली. पण ३ आणि १ मध्येच भागलं तर ०.३० अधिक ०.२५, म्हणजे ०.५५. उत्तर एकाच्या खाली आलं की अर्जदाराची छाती फुगते. इथे परीक्षकाने एकच गोष्ट बघावी असं मला वाटतं. चाचणी एका प्रमाणाची केलीय आणि दावा १ पासून ९९ टक्क्यांपर्यंतच्या सगळ्या प्रमाणांचा मांडलाय का? तसे दावे येतात. एका बोटीचं बूड रंगवायचं आणि सगळं बंदर आपलं म्हणायचं.

नवीन काय सुचलं, या मूळ प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९७८ मध्येच बोट ठेवलं होतं. तो खटला भांड्यांचा होता. धातूची भांडी लेथवर फिरवताना धरून ठेवायच्या साधनावर पेटंट घेतलेलं होतं. न्यायालय म्हणालं की कारखान्यात काम करता करता होणाऱ्या सुधारणेपेक्षा शोध काहीतरी जास्त असला पाहिजे. ते पेटंट टिकलं नाही.

(दृश्य : काजूचा कारखाना, सिंधुदुर्ग. टरफलांचा ढीग. काळं तेल डब्यात ठिबकतंय.)

आता कामाच्या ठिकाणी जाऊ. काजूच्या टरफलातलं हे तेल हाताला लागलं तर कातडी सोलून निघते. कोकण-गोव्यात ते होड्यांच्या लाकडाला चोपडत आले. वास उग्र, रंग काळा. त्यातलं मुख्य द्रव्य अ‍ॅनाकार्डिक आम्ल. तेल तापवलं की त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कार्डॅनॉल उरतं. म्हणजे कच्चं तेल लावणारा आणि तापवून लावणारा, दोघं वेगवेगळी रसायनं वापरतात. मला इथे जे लोक भेटले त्यांना हे नाव माहीत नव्हतं, पण कुठलं कधी लावायचं ते माहीत होतं. कोण त्यात चुना घालतं, कोण राळ, कोण मुशीच्या, म्हणजे शार्कच्या, यकृताचं तेल. आणि परंपरा परंपरा म्हणताना हेही सांगायला हवं की काजूचं झाडच पोर्तुगीजांनी आणलेलं.

समजा, उद्या कुणी याच मिश्रणावर दावा केला. परीक्षक शोधेल कुठे? पेटंटच्या साठ्यात, नियतकालिकांत, छापील कागदात. राजीवड्याच्या किंवा मालवणच्या किनाऱ्यावर काय मिसळतात ते त्याच्या संगणकावर कसं येणार? आणि तरी कायदा आपल्या बाजूचा आहे. कलम ३(पी) परंपरागत ज्ञान शोध म्हणून मानत नाही. कलम २५(१) मध्ये तर मंजुरीआधी हरकत कुणीही घेऊ शकतो, आणि हरकतीच्या कारणांत स्थानिक समाजातलं तोंडी ज्ञानसुद्धा स्पष्ट शब्दांत लिहिलेलं आहे. तोंडी! फक्त ते परीक्षकापर्यंत कुणीतरी पोहोचवायला हवं. अर्ज जाहीर झाल्यापासून पेटंट मंजूर होईपर्यंतच्या काळात, पुराव्यासकट. २०२४ च्या नियमांनी या हरकतीलाही शुल्क लावलं. ते कशासाठी, हे मला अजून पटलेलं नाही.

हळदीचं अनेकांना आठवत असेल. जखमेवर हळद लावण्याचं पेटंट अमेरिकेत १९९५ मध्ये दिलं गेलं आणि १९९७ मध्ये रद्द झालं. लढाई उभी केली ती आपल्याच किनाऱ्यावरच्या, गोव्यातल्या माशेलच्या रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने. पण ती जिंकली छापील पुराव्यावर, जुन्या ग्रंथांवर आणि लेखांवर. आजी लावायची, एवढ्यावर नाही.

(दृश्य : खाडीतली कालवं. कोयतीने खडकावरून कालवं काढणाऱ्या बायका. निवेदन थोडं उशिरा.)

बुडावरचं विष पाण्यातच जातं. ट्रायब्युटिल टिन नावाच्या द्रव्याने फ्रान्समधल्या आर्काशों खाडीतली कालवं बिघडवली, गोगलगायींच्या माद्यांना नराचे अवयव फुटू लागले, आणि २००८ पासून जगभर जहाजांवर त्याला बंदी लागू झाली. पेटंट मिळालेल्या द्रव्याचं हे झालं. पेटंट देताना हा प्रश्न परीक्षकाच्या पानावर ठळक नसतो.

(दृश्य : पुन्हा भाट्ये. संध्याकाळ. पाणी चढतंय. रंगारी शेवटचा हात देतो, पाय पाण्यात.)

पाणी आलं. सुकाणूखालची एक वीत राहिली, ती पुढच्या उधाणाला.

(दृश्य : जेटी. तीन लहान फळ्या. एक कोरी, एक तांबड्या रंगाची, एक काजूतेलाची. मागे खडूने आकडे.)

या फळ्या आम्ही केल्या. एकाच झाडाच्या, एकाच मापाच्या. तेल कुठलं, किती तापवलं, किती हात दिले, हे सगळं वहीत लिहिलं, तारखेसकट. वहीच्या पानाचा फोटोही काढून ठेवला. बोटीवरच्या पोरांनी विचारलं, एवढं कशाला लिहिता, आम्हाला विचारा की. त्यांनाही विचारलं, तेही लिहिलं. खाली दोघांच्या सह्या घेतल्या.

(दृश्य : दोरीला गाठ. तिन्ही फळ्या पाण्याखाली जातात. आवाज फक्त पाण्याचा.)