सर्टिफिकेट कोण तपासतं?

(दृश्य: सोलापूर, अक्कलकोट रोड एमआयडीसी. यंत्रमागांचा खडखडाट. काचेच्या केबिनमध्ये लॅपटॉप.)

टॉवेलच्या ऑर्डरी खरेदीदाराच्या सर्व्हरवरून आणणारा पायथन प्रोग्रॅम इथे लिहिला जातोय. स्क्रीनवर एरर: सर्टिफिकेट व्हेरिफाय फेल्ड. म्हणजे सर्व्हरचं ओळखपत्र, त्याचं सर्टिफिकेट, पडताळता आलं नाही. नेटवर शोधलं की सल्ला मिळतो, तपासणी बंद करा. बंद केली की प्रोग्रॅम लगेच चालतो. घोळ तिथेच होतो. डेटा एन्क्रिप्ट होऊनच जातो, फक्त कोणाकडे जातो ते कळत नाही.

'सोलापुरी चादर' असं छापलेली प्रत्येक चादर इथल्या मागावरची नसते, हे सोलापूरकरांना सांगायला नको. शिक्का कोणी दिला आणि नाव जुळतं का, दोन्ही बघावं लागतं. टीएलएसमध्येही, म्हणजे नेटवरच्या सुरक्षित जोडणीच्या पद्धतीतही, तेच. खरेदीदाराची सर्टिफिकेटं त्याच्या खासगी सीएने (सर्टिफिकेट देणाऱ्या यंत्रणेने) दिलेली असतील, तर त्या सीएची फाइल मागवून पायथनच्या 'क्रिएट डिफॉल्ट कॉन्टेक्स्ट' या फंक्शनला द्यायची. एका ओळीचं काम.

(दृश्य: कोड, जवळून.)

पायथनची स्टँडर्ड लायब्ररी मात्र बरीच वर्षं एचटीटीपीएस जोडताना यातलं काहीच आपणहून बघत नव्हती. डिसेंबर २०१४ च्या २.७.९ आवृत्तीपासून तपासणी मुळातच चालू झाली. आता होस्टनेमची (सर्व्हरचं नाव जुळतं का याची) तपासणी चालू ठेवून सर्टिफिकेटची बंद करायला गेलात, तर थेट 'व्हॅल्यू एरर' येते. गो भाषेत तपासणी टाळायच्या पर्यायाचं नावच 'इन्सिक्युअर स्किप व्हेरिफाय'. कोड रिव्ह्यू करणारा कितीही घाईत असला तरी अडखळेलच. नाव असंच कुरूप हवं.

लिबकर्ल या नेटवरून डेटा आणणाऱ्या लायब्ररीचा किस्सा सगळ्यात बोलका. स्टँडर्ड लायब्ररीत नसली, तरी पीएचपीवाले ती रोज वापरतात. होस्टनेम तपासायच्या पर्यायाला २ हा आकडा द्यायचा होता, आणि तो मुळातच २ होता. सावध माणसं मुद्दाम 'ट्रू' लिहायची. ट्रू म्हणजे १. आणि १ चा अर्थ, सर्टिफिकेटवर काहीतरी नाव आहे एवढंच बघा, जुळतं का ते बघू नका! ज्याने हातच लावला नाही तो सुरक्षित, काळजी घेणारा उघडा. चूक त्या माणसांची म्हणायची? मला तरी पटत नाही. २०१२ मध्ये संशोधकांनी हे चव्हाट्यावर आणलं. त्याच वर्षी ७.२८.१ आवृत्तीने १ नाकारायला सुरुवात केली, आणि २०१९ च्या ७.६६.० पासून १ दिला तरी २ इतकीच पूर्ण तपासणी होते.