नवं-जुनं

(बँकेची रेकॉर्ड रूम. ट्यूबलाइट लागते.)

ही कर्ज खात्यांची जुनी लेजरं. एका हाताने उचलत नाहीत. तारीख, तपशील, नावे, जमा, शिल्लक आणि कडेला अधिकाऱ्याची सही. पेन्सिलीतले हे बारीक आकडे बघा. याला प्रॉडक्ट म्हणायचे : शिल्लक गुणिले दिवस. सगळ्यांची बेरीज, गुणिले व्याजदर, भागिले ३६,५००. रुपयाचा फरक आला तरी रात्री आठपर्यंत कुणी घरी जात नसे.

व्याज खात्याला नावे पडलं, म्हणजे कर्जदाराकडून येणं म्हणून लिहिलं गेलं, की बँकेचं उत्पन्न झालं. ते हातात आलं का, हे पाहण्याचा पक्का नियम बँक सुधारणांसाठीच्या नरसिंहम समितीनंतर, १९९२-९३ पासून लागू झाला. २००४ पासून मुदत ९० दिवसांवर आली. तेवढे दिवस थकलं की खातं एनपीए, म्हणजे अनुत्पादक कर्ज, आणि न मिळालेलं व्याज उत्पन्नातून परत काढायचं.

(मार्चअखेर. काउंटरवरची रांग.)

पीक कर्ज दिवसांवर नाही, हंगामांवर मोजतात. सोयाबीनसारख्या कमी मुदतीच्या पिकाला थकल्यापासून दोन हंगाम मिळतात. तरी रांग आजच लागते, कारण ७ टक्के व्याजातले ३ टक्के वेळेत भरणाऱ्यालाच सुटतात.

याला इथे नवं-जुनं म्हणतात. लाखाचं कर्ज व्याजासकट भरायचं. स्लिप आत गेली, खातं शून्य. मग कागदांवर सह्या, आणि तेच लाख पुन्हा नावे. स्क्रीनवर खातं ‘स्टँडर्ड’, म्हणजे नियमित. अशा शेती कर्जापोटी बँक लाखाला २५० रुपयांची तरतूद करते. एनपीए झालं असतं तर पहिल्याच पायरीला १५,००० नफ्यातून बाजूला काढावे लागले असते. शाखेचे साहेब फेब्रुवारीपासून फोनवर का असतात, ते यात आलं. आम्हाला त्यांचा राग नाही आला.

हिशेबात खोटं काहीच नाही. वसुली झाली, नवं कर्जही दिलं गेलं. फक्त भरायला आणलेले पैसे चार दिवसांच्या बोलीवर कुणाकडून उचलले, त्याला शेकडा किती लागले, याला लेजरात रकाना नव्हता. संगणकातही नाही.

ज्याला उसने मिळत नाहीत, त्याची सवलत जाते आणि पुढच्या पेरणीचं कर्ज अडतं.

(बँकेबाहेर, पिंपळाखाली. एक जण नोटा मोजून दुसऱ्याच्या हातात ठेवतो. इथे निवेदन नको.)