दोन पानांची एक ओळ

(तालुक्याच्या गावी वाचनालयाच्या हिवाळी व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचं शब्दांकन. जाहीर झालेला विषय : ‘आपली वंशावळ आपण कशी शोधावी?’)

अध्यक्ष महोदय, वाचनालयाची मंडळी आणि माझ्या जुन्या प्रवाशांनो,

प्रवासी म्हणतो, कारण समोर बसलेल्या निम्म्या लोकांची तिकिटं मी फाडलेली आहेत. दारव्हा-दिग्रस, दारव्हा-आर्णी, दारव्हा-कारंजा, एकतीस वर्षं. तिकिटामागे सुटे पैसे लिहून दिलेले कोणाचे राहिले असतील, तर भाषण झाल्यावर भेटा. आत्ता नको, अध्यक्षांनी चाळीसच मिनिटं दिली आहेत आणि कापूस वेचून थकून आलेली माणसं त्याहून जास्त ऐकतही नाहीत.

विषय वंशावळीचा आहे आणि मी त्यावर बोलणारच आहे. त्याआधी फक्त पाच मिनिटं एका दुखण्यासाठी घेतो. दिवाळीपासून मनात साचलंय आणि घरात आता कोणी ऐकत नाही.

जुन्या नोंदवह्यांची स्कॅन केलेली पानं दाखवणारी एक साईट आहे. नाव घेत नाही. नाव घेतलं की लोक मूळ गोष्ट सोडून नावावर भांडतात. जन्म-मृत्यूची कोतवाल बुकं, शाळांची दाखल-खारीज रजिस्टरं, जमाबंदीचे कागद, असं सगळं तिच्यावर आहे. निवृत्तीनंतर मी तिथंच राहतो म्हटलं तरी चालेल. तर दिवाळीनंतर एका सकाळी उघडून पाहतो तो वर पाटी : ‘नव्या रूपात आपलं स्वागत आहे’. आणि पान जिच्यात दिसतं ती चौकट, ज्याला व्ह्यूअर म्हणतात, ती पार बदललेली.

जुना व्ह्यूअर दिसायला कसा होता? आपल्या शकुंतलेसारखा. मुर्तिजापूर-यवतमाळची ती छोटी गाडी ज्यांनी पाहिली त्यांना लगेच कळेल. रंग उडालेला, खडखड आवाज. पण पाहिजे तिथं थांबायची आणि थांबली की माणसाला उतरू द्यायची. आम्ही एसटीवाले तिला हसायचो, ती बंद पडल्यावर मात्र सगळ्यात जास्त हळहळलो आम्हीच. तसा तो करड्या रंगाचा व्ह्यूअर. खाली छोट्या छोट्या पानांची पट्टी होती. एका खोक्यात आकडा टाकला की त्या पानावर जायचा. बाण दाबला की पुढचं पान. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, एका पानावर मोठं करून डावीकडचा कोपरा धरला असेल, तर पुढच्या पानावरही तोच कोपरा तेवढाच मोठा दिसायचा. नावांचा रकाना तेवढा डोळ्यासमोर ठेवून दोनशे पानं तासाभरात पालथी घालता यायची.

नव्यात बाण दाबला की पान पुन्हा लहान. पुन्हा मोठं करा, पुन्हा कोपरा शोधा, पुन्हा बाण, पुन्हा लहान. आडवं स्कॅन झालेलं पान फिरवून सरळ केलं तर पुढचं परत आडवं. माऊसचं चाक फिरवलं की पान खाली सरकायचं, ते आता अंगावर धावून येतं. खालची पट्टी गेली. आकड्याचं खोकं तीन ठिपक्यांच्या आत, त्या ठिपक्यांच्या आत आणखी एक यादी, आणि यादीत नुसती चित्रं, नावं नाहीत. एक चित्र मला डाऊनलोडचं वाटलं म्हणून दाबलं तर पानच बंद झालं.

तुम्ही म्हणाल, म्हाताऱ्याला नवीन जमत नाही. थांबा. माझ्या हातातला तिकिटांचा ट्रे आणि पंच जाऊन मशीन आलं, तेव्हा पहिल्या आठवड्यात शिकलेल्यांत मी होतो. ट्रे घेऊन उभ्या गर्दीतून सरकणं काय असतं ते मला ठाऊक आहे, त्याच्या आठवणीचे कढ मी काढत नाही. पण मशीन आलं म्हणून दिग्रसच्या प्रवाशाला दोन तिकिटं काढावी लागली नाहीत, अर्ध्या रस्त्याचं एक आणि उरलेल्याचं दुसरं. इथं नेमकं तेच झालंय. तेच सांगायचं आहे.

त्याआधी एक छोटी गोष्ट. नवा व्ह्यूअर आमच्या गावात धुरकट का दिसतो? मी पुण्याच्या भाच्याला विचारलं. तो म्हणाला, मामा, आता पान एकसंध येत नाही. त्याचे चौकोनी तुकडे करून ठेवलेले असतात, बहुतेक वेळा २५६ बाय २५६ ठिपक्यांचे, आणि मोठं कराल तसतसे त्या भागाचे बारीक तुकडे मागवले जातात. म्हणजे अडाणी काम नाही, हुशार माणसांनीच केलंय, आणि पुण्यात ते झरझर चालत असणार. आमच्याकडे टॉवरची एक कांडी. जुनं पान सावकाश यायचं, पण आलं की आलं, मग लाईट गेली तरी मोबाईलवर वाचत बसा. नवीन पान गोधडीसारखं ठिगळ ठिगळ येतं. बापाचं नाव लख्ख दिसतं आणि आजाच्या नावावर धुकं!

मोडीचे कागद वाचणारे कोणी आहेत का इथं? एक हात, दोन. बरं. मोडीत आधी अख्ख्या ओळीवर रेघ ओढतात आणि खाली अक्षरं लिहीत जातात, शब्द तोडत नाहीत. ती ओळ पूर्ण रुंदीला दिसली तरच लागते. नव्या व्ह्यूअरमध्ये उजवीकडे माहितीचा पडदा येतो, पानाचा एक तृतीयांश भाग खातो आणि मिटवला तरी पुढच्या पानावर परत हजर. लग्नातल्या त्या पाहुण्यासारखा, ज्याला कोणीच बोलावलेलं नसतं.

आता मुख्य गोष्ट. आमच्या गल्लीत एक काकू आहेत. त्यांच्या नातवाचा इंजिनिअरिंगला नंबर लागला आणि जात पडताळणीचा कागद अडला. आपल्याकडे काही तारखा लग्नतिथीसारख्या पाठ असतात : अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, जमातींना ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७. त्याच्या आधीचा पुरावा पाहिजे. मी जुन्या व्ह्यूअरवर काकूंच्या सासऱ्यांची जन्मनोंद आधीच काढून ठेवली होती, १९२६ सालची. डायरीत लिहिलं होतं : प्रतिमा १८७, नववी ओळ. म्हटलं, काकू, उद्या प्रिंट काढू.

उद्या कसलं. नव्यावर १८७ टाकलं तर भलतंच साल. अर्धा दिवस गेला तेव्हा कळलं, की आधी उघडी वही एका प्रतिमेत होती, डावं-उजवं दोन्ही. आता ‘मोबाईलवर नीट दिसावं’ म्हणून प्रत्येक प्रतिमा मधोमध कापलीय. आकडे दुप्पट, आणि कोरी पानं वगळल्यामुळे नेमके दुप्पटही नाहीत. काकू माझ्या खांद्यावरून बघत होत्या. म्हणाल्या, “भाऊ, परवा त दाखवलं होतं तुम्ही. आता काहून नाई दिसून राह्यलं?”

शेवटी दिसलं. पण अर्धं. त्या वहीत ओळ दोन्ही पानांवर पसरलेली आहे. डावीकडे क्रमांक, तारीख, बापाचं नाव, मुलगा की मुलगी. उजवीकडे जात, खबर देणाऱ्याचं नाव, शेरा. कापणाऱ्याने वहीची शिवण पाहिली आणि तिथंच कात्री लावली. आता एका प्रतिमेत माणसं आहेत आणि दुसरीत त्यांच्या जाती. कोणी समाजसुधारकाने हे केलं असतं तर मी पाया पडलो असतो.

दोन प्रिंट घेऊन एका कार्यालयात गेलो. खिडकीतल्या भाऊने उलटसुलट पाहिलं. “एका कागदावर बाप हाय, दुसऱ्यावर जात हाय. मधात काय हाय?” मी म्हटलं, “मधात शिवण हाय.” तो हसला, पण कागद परत केले. त्याची चूक नाही. मी त्याच्या जागी असतो तर मीही केले असते.

घरी येऊन दोन्ही कागद फरशीवर शेजारी मांडले. बायकोच्या शिलाईच्या डब्यातला दोरा घेतला, डाव्या पानाच्या नवव्या ओळीवर धरला आणि उजवीकडे ताणला. दोरा दोन ओळींच्या मध्ये. कारण व्ह्यूअर प्रत्येक अर्ध्याला वेगळं ताणून चौकटीत बसवतो, म्हणून एक प्रिंट मोठी, एक लहान. मग ओळी मोजल्या. डावीकडे चौदा, उजवीकडे पंधरा! कुठल्यातरी नोंदीचा शेरा लांबला असणार आणि दुसऱ्या ओळीवर उतरला असणार. पण कुठल्या? उजवीकडे क्रमांक नाहीत. नववी धरली तर एक जात, दहावी धरली तर दुसरी. पोराचं अख्खं वर्ष एका ओळीवर लटकलेलं.

आणि मग डाग दिसला. डाव्या पानावर आठव्या ओळीच्या शेवटी शाईचा ठिपका होता, शेंगदाण्याएवढा, एका बाजूला शेपूट फुटलेला. उजव्या पानावर तसाच दुसरा, फक्त शेपूट उलट्या बाजूला. लिहिणाऱ्याने शाई वाळायच्या आत वही मिटली होती! म्हणजे ते दोन ठिपके मिटल्या वहीत एकावर एक बसणार. उजवा ठिपका वरून नवव्या ओळीवर होता. म्हणजे ती नववी ओळ हीच आठवी नोंद, लांबलेला शेरा तिच्या वरच, आणि काकूंचे सासरे उजवीकडे दहावे. जात जुळली, खबर देणारा त्यांचाच चुलता निघाला. सव्वाशे रुपयांची झेरॉक्स आणि साडेतीन दिवस गेले, आणि सोडवलं कोणी? बेशिस्तपणे वही मिटणाऱ्या एका माणसाने.

माझं म्हणणं एवढंच आहे, की ही चित्रं नाहीत, वही आहे. नवीन काही बनवा, सुंदर बनवा, पण वहीला वही राहू द्या. पंडे हेच करतात ना? त्र्यंबकला, हरिद्वारला जाऊन गाव आणि आडनाव सांगा, तो बाड सोडतो, अंगठ्याने पानं चाळतो आणि पणजोबापाशी थांबतो. हरिद्वारच्या त्या वह्यांचं १९७७ पासून अमेरिकेतल्या यूटाच्या वंशावळ संस्थेने मायक्रोफिल्मिंग केलं. फिल्म म्हणजे काय, गुंडाळी. एकामागून एक चौकट. तिच्यातही शेजारचं पान शेजारीच राहतं. आणि भाटाचं तर... अध्यक्षांची चिठ्ठी आली. सात मिनिटं. बापरे. भाट राहू द्या.

तर विषय. वंशावळ कशी शोधावी. भराभर सांगतो, लिहून घ्या.

नाव टाकून शोधू नका, निदान तेवढ्यावर थांबू नका. जुन्या जन्मनोंदीत बऱ्याचदा बाळाचं नावच नसतं, नुसतं ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’, कारण खबर द्यायची तेव्हा बारसं व्हायचं असायचं. जे नावच लिहिलेलं नाही ते यंत्राला कुठून सापडणार? बापाच्या नावाने शोधा. तेही आडनावाशिवाय असू शकतं. आपल्याकडे मुलं दगावली की पुढच्याला उकंडा, दगडू, धोंडू म्हणायचे, यमाला नको वाटावा म्हणून. एका गावात चार उकंडा निघतात. मग ओळखायचा कसा? शेजारावरून. खबर देणारा कोण, वरखालच्या नोंदी कोणत्या घरच्या, दोन वर्षांनी पुढचं मूल झालं का. म्हणून पानं उलटता आली पाहिजेत. पुन्हा तिकडेच गेलो, माफ करा.

गाव नीट पाहा. बुद्रुक की खुर्द, की आता ओसाड पडलेलं रिठ. आमच्या एसटीत खुर्दचा माणूस बुद्रुकला उतरला तर दोन कोस चालायचा. नोंदीत उतरला तर पिढी चुकते. जिल्हाही पाहा. वऱ्हाडाचे सहा जिल्हे होते, १९०५ साली चार झाले. वाशिमचा जिल्हा मोडला तेव्हा पुसद यवतमाळकडे आलं, यवतमाळला त्याआधी वणी जिल्हा म्हणत. म्हणजे पुसदकडच्या माणसाने त्याआधीचा कागद वाशिमच्या नावाखाली बघायचा. वाशिम परत जिल्हा झाला तो १९९८ ला, त्याचा इथं संबंध नाही. नव्या व्ह्यूअरची यादी आजच्या जिल्ह्यांची आहे, हे वेगळं सांगायला नको.

मृत्यूची वही सोडू नका. वंशावळीत एखादी फांदी एकाएकी तुटली, तर १९१८ चे ऑक्टोबर-नोव्हेंबर उघडा. माझी आजी मानमोडी म्हणायची त्या साथीला. मध्य प्रांत आणि वऱ्हाड देशातल्या सगळ्यात जास्त झोडपलेल्या भागांत होते. एरवी एका पानात दोन-तीन महिने मावायचे. तिथं एकेका दिवसाला पान पुरत नाही. कारणाच्या रकान्यात ताप, ताप, ताप. मग ‘ताप’ लिहायचंही सोडलंय, नुसती दोन टिंबं. आमच्या गावाच्या वहीत मधेच अक्षर बदलतं. जुनं अक्षर पुढे परत कुठं दिसत नाही, मी १९२५ पर्यंत पाहिलंय. नाव टाकून शोधणाऱ्याला त्याची एकच ओळ मिळेल. बाकीचं त्याला कोण दाखवणार?

शेवटचं, दोन मिनिटांत. नोंद सापडली की प्रतिमा क्रमांकावर विसंबू नका, मी फसलोय. वहीचं नाव, गाव, साल, नोंदीचा क्रमांक आणि तारीख हाताने लिहा. डाऊनलोड झालेल्या फायलीला नुसते वीस आकडे नाव म्हणून येतात, ते लगेच बदला, नाहीतर महिन्याने तुमच्या मोबाईलमध्ये सगळेच आजे सारखे दिसतील. पान कापलेलं असेल तर दोन्ही बाजू काढा, एकाच मापात काढा आणि शिवणीच्या दोन्ही कडा सोडू नका. मी त्या साईटला चार वेळा लिहिलंय. ‘आपला अभिप्राय मोलाचा आहे’ असं चार वेळा उत्तर आलं, चारही वेळा त्याच शब्दांत. पाचव्यांदा लिहिणार आहे, दोन्ही प्रिंट आणि दोऱ्याचा फोटो जोडून.

अध्यक्ष उभे राहिले, म्हणजे माझा स्टॉप आला. चहानंतर मी बाहेर ओट्यावर बसतो. ज्यांना आपल्या गावचं पान पाहायचं असेल त्यांनी गाव, आज्याचं नाव आणि अंदाजे साल चिठ्ठीवर लिहून आणा. सुटे पैसेवालेही तिकडेच या.