पेनिसिलिन नेमके काय करते? जीवाणूच्या भिंतीवरची जोडणी आणि कापणी

नमस्कार. पेनिसिलिन जीवाणूंची भिंत फोडते, असे आपण नेहमी ऐकतो. हे विधान रूढ असले तरी अर्धेच खरे आहे. पेनिसिलिन स्वतः काहीही फोडत नाही. ते भिंतीची बांधणी अडवते, आणि पुढची मोडतोड बहुतांशी जीवाणूचीच विकरे, म्हणजे एन्झाइम, करतात. संसर्ग कसा भडकतो आणि औषधे कुठे अडतात, हे दोन्ही समजून घ्यायचे असेल तर या विकरांकडे नीट पाहावे लागते.

आधी भिंतीची रचना पाहू. (पडद्यावर पेप्टिडोग्लायकनचे, म्हणजे भिंत ज्याची बनते त्या द्रव्याचे, रेखाचित्र.) या आकृतीत दोन प्रकारच्या शर्करा आलटून पालटून जोडल्या जाऊन लांब साखळ्या झालेल्या दिसतात. त्यांपैकी एका शर्करेला, म्युरॅमिक आम्लाला, अमिनो आम्लांची एक आखूड शेपटी असते. शेजारच्या साखळ्यांच्या शेपट्या एकमेकींना जोडल्या गेल्या की पेशीभोवती सलग जाळी तयार होते. या जाळीला आतून मोठा दाब झेलावा लागतो. स्टॅफिलोकोकससारख्या जाड भिंतीच्या जीवाणूत तो सुमारे २० वातावरणांपर्यंत जातो, म्हणजे मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या कितीतरी पट. माणसाच्या पेशींना अशी भिंत नसते, म्हणूनच या भिंतीवर नेम धरणारी औषधे आपल्याला तुलनेने कमी त्रासदायक ठरतात.

आता अडचण अशी की सलग जाळीत बंद असलेल्या पेशीला वाढायचे असेल, तर ती जाळी कुठेतरी कापल्याशिवाय नवा धागा आत घालता येत नाही. त्यामुळे जोडणाऱ्या विकरांइतकीच कापणारी विकरेही जीवाणूला अत्यावश्यक असतात. एश्चेरिशिया कोलाय या जीवाणूत शेपट्यांमधले सांधे कापणारी तीन विकरे एकदम काढून टाकली, तर तो वाढू शकत नाही आणि मरतो. कापणे कमी पडले तरी मरण, अति झाले तरी मरण. या तारेवर प्रत्येक जीवाणू चालत असतो.

शेपटीच्या टोकाला डी-ॲलानिन हे अमिनो आम्ल ओळीने दोनदा येते. जोडणारे विकर त्यातले शेवटचे तोडते आणि उरलेली शेपटी शेजारणीला जोडते. पेनिसिलिनच्या रेणूचा आकार या जोडीशी मिळताजुळता आहे, ही कल्पना टिपर आणि स्ट्रॉमिंजर यांनी १९६५ मध्ये मांडली. विकर त्याला खरी शेपटी समजून पकडते, आणि मग त्याची सुटका होत नाही. जोडणी थांबते, कापणी मात्र चालूच राहते. न्यूमोकोकस या न्यूमोनियाच्या जीवाणूच्या ज्या वाणात कापणारे विकर सदोष होते, त्यावर तोमाश आणि सहकाऱ्यांनी १९७० मध्ये पेनिसिलिन वापरून पाहिले, तेव्हा जीवाणूंची वाढ थांबली, पण ते फुटले नाहीत. पुढे २०१४ मध्ये एश्चेरिशिया कोलायवरच्या अभ्यासात दिसले की अशा औषधांमुळे पेशी न जोडलेले धागे बनवत राहते, तिचीच विकरे ते लगेच तोडत राहतात, आणि या निष्फळ फेऱ्यात तिची सामग्री संपत जाते. माझ्या मते प्रतिजैविकांच्या अभ्यासातला हा सर्वांत विलक्षण निष्कर्ष आहे, आणि पाठ्यपुस्तकांत त्याला मिळते त्याहून अधिक जागा मिळायला हवी.

आता हेच रुग्णाच्या शरीरात पाहू. आपल्या अश्रूंत, लाळेत आणि नाकातल्या स्रावात लायसोझाइम हे कापणारे विकर असते. फ्लेमिंग यांनी त्याचे वर्णन १९२२ मध्ये, म्हणजे पेनिसिलिनच्या शोधाच्या सहा वर्षे आधी केले. ते शर्करांच्या साखळीवरच घाव घालते. स्टॅफिलोकोकस ऑरियसने यावर तोड काढली आहे: त्याचे एक विकर म्युरॅमिक आम्लावर ॲसिटिल गट बसवते, त्यामुळे लायसोझाइमला साखळीवर नीट पकड मिळत नाही.

कापलेल्या भिंतीचे तुकडेही निरुपद्रवी नसतात. एश्चेरिशिया कोलाय आपले बहुतेक तुकडे परत आत ओढून पुन्हा वापरतो. डांग्या खोकल्याचा जीवाणू मात्र एक ठरावीक तुकडा बाहेर सोडतो, आणि त्या तुकड्यामुळे श्वासनलिकेतून कफ वर ढकलणाऱ्या रोमयुक्त पेशी मरतात. न्यूमोकोकसमुळे मेंदूच्या आवरणांना सूज आली असेल, तेव्हा प्रतिजैविकाने जीवाणू फुटले की भिंतीचे तुकडे आणि विषारी प्रथिने एकदम मोकळी होऊन दाह आणखी वाढू शकतो. प्रौढ रुग्णांना अशा वेळी प्रतिजैविकाच्या पहिल्या मात्रेच्या किंचित आधी किंवा तिच्याबरोबरच डेक्सामेथासोन हे दाह कमी करणारे स्टेरॉइड देण्याची शिफारस केली जाते, त्यामागे हाच विचार आहे.

काही जीवाणू याच तुकड्यांचा धोक्याची सूचना म्हणून उपयोग करतात. एंटेरोबॅक्टर आणि स्यूडोमोनास यांच्या पेशीत असे तुकडे नेहमीपेक्षा जास्त साचले, तर भिंतीवर हल्ला झाला असे समजून औषध तोडणारे बीटा-लॅक्टमेझ हे विकर मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागते. बीटा-लॅक्टमेझची नोंद एब्रहम आणि चेन यांनी १९४० मध्येच केली होती, म्हणजे पेनिसिलिन सर्रास वापरात येण्यापूर्वीच. क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल यातल्या अनेक विकरांना निकामी करते, म्हणून ते पेनिसिलिनच्याच गटातल्या ॲमॉक्सिसिलिनच्या जोडीने दिले जाते. पण जस्ताच्या आधारे काम करणाऱ्या एनडीएमसारख्या बीटा-लॅक्टमेझांपुढे त्याचा इलाज चालत नाही. एमआरएसएचा, म्हणजे मेथिसिलिन या पेनिसिलिन गटातल्या औषधाला दाद न देणाऱ्या स्टॅफिलोकोकस ऑरियसचा, मार्ग वेगळा आहे: १९६१ मध्ये प्रथम नोंदल्या गेलेल्या या वाणांनी औषध तोडत न बसता जोडणीचे दुसरेच विकर मिळवले, ज्याला पेनिसिलिन सहजी चिकटत नाही.

राहिला प्रश्न कापणारी विकरेच औषध म्हणून वापरण्याचा. जीवाणूंना ग्रासणारे विषाणू बाहेर पडताना एंडोलायसिन नावाच्या विकरांनी भिंत कापतात, आणि ही विकरे शुद्ध करून बाहेरून दिली तरी जाड, उघड्या भिंतीचे जीवाणू झटपट फुटतात. ज्यांच्या भिंतीवर आणखी एक बाह्यपटल असते, त्या ग्रॅम-ऋण जीवाणूंपर्यंत मात्र बहुतेक एंडोलायसिने पोहोचतच नाहीत. स्टॅफिलोकोकसच्या रक्तसंसर्गासाठी एक्सेबाकेज हे असेच विकर तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीपर्यंत गेले होते. नेहमीच्या प्रतिजैविकांच्या जोडीने दिलेल्या या विकराचा अपेक्षित लाभ मधल्या विश्लेषणात दिसला नाही, म्हणून २०२२ मध्ये ती चाचणी थांबवण्यात आली.