हुंदका पोटातून येतो

नमस्कार मंडळी, जेवणाच्या आधी बोलायला दिलंत त्याबद्दल कमिटीचे आभार, नंतर कोण ऐकणार होतं! मागच्या कार्यक्रमात आपल्या मुलींनी तो कंटेम्पररी डान्स केला, तेव्हा शेजारचे काका हळूच म्हणाले, 'छान होतं हो, पण म्हणजे नक्की काय होतं?' मी हसले, कारण मीपण आधी हेच विचारायचे.

माझं मत बदललं ते मार्था ग्रॅहम या अमेरिकन नर्तकीचं 'लॅमेंटेशन', म्हणजे 'विलाप', हे नृत्य बघून. १९३० साली न्यूयॉर्कमध्ये तिने ते पहिल्यांदा केलं, जेमतेम चार मिनिटांचं. गोष्ट नाही, पात्र नाही, कोण गेलं, कधी गेलं, काही नाही. एक बाई बाकावर बसलीये आणि अंगावर ताणल्या जाणाऱ्या जांभळ्या कापडाची नळकांडी, चेहरा, हात, पावलं तेवढी बाहेर, आणि ती आतून कोपराने, गुडघ्याने ते कापड ढकलते, तिरक्या घड्या पडतात, आणि ते काही तिला सोडत नाही. बाकावरून जवळजवळ उठतच नाही ती. आपल्याच कातडीच्या आत ताणलं जाणं, असं काहीसं ती स्वतः या कापडाबद्दल सांगायची.

मला तर एकदम आमची आजी आठवली. आजोबा गेले तेव्हा ती पाटावर बसून होती, पदराचा बोळा तोंडात कोंबलेला, आवाज नाही, नुसती पाठ हलत होती. आम्हा पोरांना कुणी काही सांगितलं नव्हतं, पण त्या पाठीवरूनच कळलं.

आता जरा इथेच करून बघा, लाजू नका. खोटा हुंदका द्या. पोट आत गेलं ना, पाठ गोल झाली ना? ग्रॅहमचं सगळं टेक्निक याच्यावर उभं आहे, श्वास सोडताना पोट आकसायचं आणि मग मोकळं करायचं, कॉन्ट्रॅक्शन आणि रिलीज. म्हणजे ती दुःखाची खूण शोधत बसत नाही, दुःखात शरीर जे करतं तेच उचलते.

यावर कुणी म्हणेल की आपल्या शास्त्रीय नृत्यात बरंय, हाताच्या प्रत्येक मुद्रेला ठरलेला अर्थ. ठरलेला कसला! 'अभिनयदर्पण' या नृत्यावरच्या जुन्या संस्कृत ग्रंथात एकट्या पताक हस्ताचे, म्हणजे बोटं जुळवून सरळ धरलेल्या पंजाचे, उपयोग बघा, ढग, वन, रात्र, नदी, अजून कितीतरी. हात तोच, तो ढग की नदी हे नजर आणि प्रसंग ठरवतो. आणि भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात तर सरळ प्रश्नच आहे की नृत्ताला, म्हणजे अभिनय नसलेल्या निव्वळ नाचाला, गाण्याच्या अर्थाशी देणंघेणं नाही तर ते केलंच कशाला, उत्तर काय, तर शोभेसाठी. मला हे उत्तर थोडं अपुरं वाटतं, पण भरतमुनींशी इथे भांडत नाही, वेळ कमी आहे.

ग्रॅहम एक आठवण सांगायची. 'लॅमेंटेशन' झाल्यावर एक बाई तिला भेटायला आत आली. तिचं मूल तिच्या डोळ्यांदेखत ट्रकखाली गेलं होतं आणि तिला तोवर रडूच फुटलं नव्हतं. त्या दिवशी फुटलं. त्या बाईने अर्थ विचारला नाही.

काका, तुम्ही मागे बसलायत, दिसताय मला. चहाच्या वेळी सांगा, हुंदका जमला का.