नोंद कोण करतं, कुणासाठी करतं?

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो,

'कामाची जागा आणि माहिती प्रणालीची रचना' हा विषय पत्रिकेत छापायला भारदस्त दिसतो. मला सांगायचं आहे ते साधं आहे. कामावर केलेली नोंद ही नुसती माहिती नसते. लिहिणाऱ्याला उद्या तिचं उत्तर द्यावं लागतं, तिच्यामुळं कुणाचे तरी पैसे कापले जातात, कुणाची तरी बाजू भक्कम होते. हे न बघता सॉफ्टवेअर केलं, की स्क्रीनवरचे सगळे रकाने भरलेले असतात आणि त्यातलं खरं फार थोडं असतं.

उदाहरणासाठी लांब जायला नको, इथल्या औद्योगिक वसाहतीत, उद्यमबागेतच चला. बेळगावची ओळख सांगताना आपण कुंदा आधी सांगतो, पण इथली कितीतरी घरं फाउंड्रीवर, म्हणजे लोखंडाच्या ओतकामावर चालतात. तिथल्या एका कारखान्यात, नाव नको, रिजेक्शनच्या नोंदीसाठी कॉम्प्युटर बसवला होता. शेकआऊट होऊन, म्हणजे वाळूचा साचा फोडून, ओतलेलं कास्टिंग फेटलिंगला, म्हणजे साफसफाईला गेलं आणि तपासणाऱ्याला खोट दिसली, की त्यानं यादीतून कारण निवडायचं. ब्लो होल (वायूमुळं पडलेलं भोक), सँड इन्क्लुजन (आत अडकलेली वाळू), कोल्ड शट (धातूचे प्रवाह न सांधल्यानं राहिलेली फट), मिसरन (साचा पूर्ण न भरणं), अशी लांबलचक यादी. महिनाअखेरचा अहवाल आला, तर निम्म्याहून जास्त माल ब्लो होलनं गेलेला. मालकांनी वाळूचा ओलावा तपासला, कोअर, म्हणजे साच्यातले वाळूचे गाभे, बदलून बघितले, फरक शून्य. मी तपासणीच्या टेबलाशी उभा राहिलो. हातात मोजे, स्क्रीनवर काळी धूळ, एक ट्रॉली रिकामी व्हायच्या आत दुसरी दारात. ब्लो होल यादीत सगळ्यात वर होतं. "पहिलंच दाबतोय की सर आम्ही. खाली कोण जात बसणार?"

एवढ्यावर समाधान मानलं असतं, तर यादीचा क्रम बदलून बिल लावता आलं असतं. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात बरेच जण तेवढंच करतात. पण त्या कारखान्यात मोल्डिंग, म्हणजे साचे बनवण्याचं काम, ठेक्यावर आहे. सँड इन्क्लुजन लिहिलं, तर खोट मोल्डिंगची आणि पैसे ठेकेदाराच्या बिलातून जाणार. कोल्ड शट लिहिलं, तर लोखंड थंड ओतलं असा अर्थ, म्हणजे मेल्टिंगवाले अडचणीत. ब्लो होलचं तसं नाही. ते ओल्या वाळूनं होतं, कोअर नीट न भाजल्यानं होतं, हवा निघायला वाट नसली तरी होतं, धातूतल्या वायूनंही होतं. दोष सगळ्यांचा, म्हणून कुणाचाच नाही. तपासणारा दुपारी त्याच मोल्डरांबरोबर डबा उघडतो. यांत्रिक सवयीनं पहिलं बटण दाबलं जात होतं हे खरं, पण ते बटण दुसरं काही असतं, तर त्यानं बोट खाली नेलं असतं असं मला वाटतं.

कॉम्प्युटरच्या आधी काय चालायचं? तपासणारा खोटेभोवती खडूनं गोल करायचा आणि कास्टिंग बाजूला ठेवायचा. सकाळी सुपरवायझर, मोल्डर, फर्नेसवाला त्या ढिगाभोवती जमायचे. माल उलटापालटा करून बघायचे, हीट नंबर, म्हणजे माल भट्टीच्या कुठल्या खेपेचा ते, बघायचे, आवाज चढायचे. कारण त्या भांडणातून ठरायचं, आणि ठरलं की सगळ्यांना बांधील असायचं. चौघांनी मिळून करायचा निवाडा नव्या स्क्रीननं एकट्या तपासणाऱ्याच्या गळ्यात घातला, तोही उभ्या उभ्या.

अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ हॅरॉल्ड गार्फिंकल यांनी १९६७ साली एका मानसोपचार दवाखान्याच्या केसपेपरांविषयी अशाच तऱ्हेचं लिहून ठेवलं आहे. नोंदी अर्धवट असतात, पण तिथं काम करणाऱ्यांच्या बाजूनं त्याला रास्त कारणं असतात. कारकुनाला आळशी ठरवण्याआधी ती कारणं बघा, असा त्याचा अर्थ मी घेतो. विमान वाहतूक नियंत्रकांकडच्या कागदी पट्ट्यांचा अभ्यासही वाचण्यासारखा आहे. एका विमानाला एक पट्टी. काही गडबड वाटली, की नियंत्रक ती रांगेतून जराशी बाहेर ओढून ठेवतो आणि शेजारच्याला न सांगता कळतं. नुसता मजकूर कॉम्प्युटरवर घेतला, की हे बाहेर ओढणं राहून जातं. आमच्या खडूचंही तेच झालं.

याची फार मोठी किंमत लंडनच्या रुग्णवाहिका सेवेनं दिली. २६ ऑक्टोबर १९९२ ला तिथं गाड्या पाठवण्याचं काम पूर्णपणे कॉम्प्युटरवर गेलं. गाडी नेमकी कुठं आहे हे प्रणालीला नेहमी अचूक कळेल, या गृहीतावर सगळं उभं होतं. गाडीतल्या माणसांनी घाईत बटण चुकवलं, कधी दाबलंच नाही, आणि प्रणालीच्या मनातलं लंडन रस्त्यावरच्या लंडनपासून लांब गेलं. एकाच ठिकाणी दोन-दोन गाड्या पोचल्या, काही ठिकाणी फार उशिरा पोचल्या. पूर्वी हे सावरणारी माणसं होतीच, पण खोलीची मांडणी बदलून त्यांना ओळखीच्या जागांवरून उठवलं होतं आणि कागद बंद केला होता. ४ नोव्हेंबरला प्रणाली ठप्पच झाली.

आता आपल्या राज्यातलं, आणि बऱ्याच अंशी चांगलं उदाहरण. भूमी, म्हणजे जमिनीचे उतारे कॉम्प्युटरवर आणणारी कर्नाटक सरकारची योजना. सुमारे दोन कोटी उतारे कॉम्प्युटरवर आले, १७७ तालुक्यांत खिडक्या उघडल्या, पंधरा रुपयांत उतारा मिळू लागला. ज्यांनी हे केलं त्यांनी तलाठ्याचं दप्तर आतून पाहिलेलं होतं, असं रचनेवरून दिसतं. त्याआधी तलाठी सापडायला हवा, सापडला तर दप्तर जवळ हवं, आणि वारसाची नोंद कुणाची आधी घालायची ही त्याची मर्जी. म्हणून फेरफाराच्या अर्जांना क्रम लावला: आधी आलेला आधी. मधलाच उचलून पुढं घ्यायची सोय ठेवली नाही. नोंद करणाऱ्याच्या बोटाचा ठसा घेतला, म्हणजे उद्या 'मी केलंच नाही' म्हणायला नको. खिडकीवर एक पडदा शेतकऱ्याकडं तोंड करून ठेवला. हे सगळं कुणाचा हात कुठं अडतो हे माहीत असल्याशिवाय सुचत नाही.

पण तलाठी उताऱ्यापलीकडचं एक काम करायचा, ते कुठल्याच रजिस्टरात नव्हतं. तो वाचून सांगायचा. "तुझ्या चुलत्याचं नाव अजून तसंच आहे बघ, तेवढं काढून घे." छापील उतारा येतो कन्नडमध्ये. खानापूरच्या जंगलाकडच्या गावातला म्हातारा तो घेऊन तालुका कचेरीबाहेर येतो आणि कुणाकडून तरी वाचून घेतो. ओळखीचा भेटला तर फुकट, नाहीतर चहापाणी द्यावं लागतं. दप्तरापाशी बसलेला मध्यस्थ गेला, कागदापाशी दुसरा आला. भाषेच्या राजकारणावर इथं प्रत्येकाचं मत तयार आहे, माझंही आहे, ते आज बाजूला ठेवू. रचनाकार म्हणून मला एवढंच दिसतं, की जे काम तोंडी चालत होतं ते मागणीपत्रात कुणी लिहिलं नाही. सगळे उतारे तालुक्याला एका जागी आल्यानं मोठ्या जमिनी घेणाऱ्यांची सोय झाली, अशी टीकाही पुढं अभ्यासकांनी केली, आणि ती मला दखल घेण्यासारखी वाटते.

रविवार पेठेत दुकान असणाऱ्यांना पुढचं उदाहरण माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. पिग्मी. १९२८ साली सिंडिकेट बँकेनं दक्षिण कॅनरात सुरू केलेली ही पद्धत आपल्या पतसंस्थांनी केव्हाच आपली करून टाकली. एजंट संध्याकाळी येतो, रोजचे पैसे घेतो, पूर्वी वहीत सही करायचा, आता कमरेच्या यंत्रातून पावती फाडतो. धंदा मंद असला, की दुकानदार म्हणतो, "आज राहू दे, परवा तीन दिवसांचे एकदम देतो." एजंटाचं कमिशन वसुलीवर, म्हणून तो कधीकधी आजचे स्वतःच्या खिशातून भरतो. यंत्रात दिसतं की हा खातेदार रोज न चुकता भरतो. मग शाखेत कुणीतरी त्या नियमितपणावर कर्ज मंजूर करतं. बचत दुकानदाराची, नियमितपणा एजंटाचा, आणि आकडा दोघांची सरमिसळ. वहीत हे लपत नव्हतं, एकाच शाईत तीन दिवस लागोपाठ लिहिलेले शाखाधिकाऱ्याला ओळखू यायचे. शिवाय यंत्राची पावती थर्मल कागदाची, काही महिन्यांत कोरी होते. म्हणून बरेच दुकानदार अजून गल्ल्याखाली आपली वही ठेवतात. त्यांना मागासलेले म्हणणाऱ्यांनी आधी आपली जुनी पावती वाचून दाखवावी!

दवाखान्याच्या नोंदणीबद्दल थोडक्यात सांगतो, वेळ होत आला आहे. चंदगडकडचे रुग्ण इथं येतात. राज्य महाराष्ट्र, पण फोन नंबर इथल्या शहापूर भागातल्या भाचीचा, पत्ताही तिचाच. बाईंचं शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, रेशनकार्डावर सासरचं, आणि आपल्याकडं लग्नात पहिलं नावही बदलतात. खिडकीवरची अनुभवी ताई दोन प्रश्नांत जुना केसपेपर शोधून काढते. नावानं शोधणारा कॉम्प्युटर नवा नंबर देऊन मोकळा होतो. पत्त्याच्या रकान्यात रुग्ण कुठं राहतो हे नसतं, गरज पडली तर कुणाला बोलवायचं हे असतं. त्या ताईला रचनेच्या बैठकीत बसवा, एवढी माझी सूचना होती. बैठकीला अकाउंट्सचे लोक आले.

उद्यमबागेतल्या त्या स्क्रीनचं काय झालं, हे विचारणार हे माहीत आहे. तपासणाऱ्यानं आता फक्त काय दिसलं आणि कुठं दिसलं एवढंच नोंदवायचं, कास्टिंगच्या चित्रावर बोट ठेवून. कारण दुसऱ्या दिवशी सकाळी ढिगापाशी सगळ्यांसमोर ठरतं, आणि ठरलं नाही तर रकाना रिकामा ठेवायला परवानगी आहे. खडू परत आला. रिकाम्या रकान्यांचं प्रमाण बघून सुरुवातीला मालक चिडले होते. ठेकेदाराचा हिशेब मात्र अजून सुपरवायझरच्या खिशातल्या डायरीत आहे. तोही कॉम्प्युटरवर घ्या असा मालकांचा आग्रह आहे, आणि मी अजून हो म्हटलेलं नाही, कारण त्या डायरीत पैशांबरोबर उसनवारी, सणाची उचल आणि कुणाच्या तरी आजारपणात दिलेली सूटही आहे. ती कुठल्या रकान्यात घालायची हे सुपरवायझरलाच अजून सांगता येत नाही.

व्हीटीयूच्या, म्हणजे इथल्या तंत्रशास्त्र विद्यापीठाच्या, शेवटच्या वर्षाची मुलं प्रोजेक्टसाठी येतात आणि पहिल्याच दिवशी डेटा मागतात. आज इथं आलेल्यांपैकी कुणाला बघायला यायचं असेल, तर बाहेर टेबलावर नाव लिहून जा. रात्रपाळीला जाऊ, तेव्हा ऑफिस बंद असतं आणि माणसं मोकळेपणी बोलतात. पायात बूट हवेत, चप्पल घालून आत सोडत नाहीत.