२६ फूट, पण कुठून?

मंडळी, विश्वामित्री नदी चढायला लागली की बडोद्यात घरोघरी दोनच प्रश्न असतात. काळा घोड्याच्या पुलाला पाणी किती? आणि आजव्याच्या धरणाला किती? २६ फूट ही धोक्याची पातळी इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ आहे. ऑगस्ट २०२४मध्ये ती पट्टी ३५च्या वर गेली, ते तुम्हाला मी सांगायला नको. आजव्याचा आकडा मात्र २१२, २१३ असा असतो. हे दोन्ही फूट एकाच ठिकाणापासून मोजतात का? नाही. आजव्याचे फूट समुद्रसपाटीपासूनचे. काळा घोड्याचे तसे असूच शकत नाहीत, कारण शहराची जमीनच समुद्रापासून शंभर फुटांहून उंच आहे. ते पुलापाशी लावलेल्या पट्टीचे फूट.

विद्यापीठात जीआयएस (संगणकावरचे नकाशे) आणि रिमोट सेन्सिंग (उपग्रहांवरून जमीन वाचणं) शिकायला येणाऱ्या मुलांना पहिल्या दिवशी मी हाच प्रश्न विचारावा म्हणतो. आपत्ती व्यवस्थापनासाठी म्हणून जे प्रशिक्षण आज दिलं जातं, त्यात सॉफ्टवेअर भरपूर आणि उंची फार थोडी, अशी माझी तक्रार आहे. मुलं हुशार आहेत. नकाशे करायचं क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, युरोपच्या सेंटिनेल उपग्रहांची चित्रं फुकट मिळतात, इस्रोचं भुवन हे नकाशांचं संकेतस्थळ आहेच. चार आठवड्यांत मुलगी निळ्या रंगात पूर दाखवणारा सुरेख नकाशा करून आणते. त्या निळ्या रंगाची कड कितपत खरी, हे विचारलं की वर्ग गप्प.

ती कड कशी येते ते बघा. पुराच्या दिवशी आकाशात ढग, म्हणजे साधा कॅमेरा निकामी. रडार ढगांतून पार होतं, म्हणून सेंटिनेल-१ हा रडारवाला उपग्रह वापरायचा. शांत पाण्यावर पडलेली रडारची लहर पलीकडे निघून जाते, उपग्रहाकडे परत येत नाही, म्हणून पाणी काळं दिसतं. शेतात हे झकास चालतं. पण समा, फत्तेगंज, अकोटा या शहरी वस्त्यांत पाण्यातून भिंती वर आलेल्या असतात. लहर पाण्यावर आपटते, मग भिंतीवर, आणि थेट परत जाते. म्हणजे बुडालेली गल्ली काळी दिसायच्या ऐवजी उलट उजळ दिसते! काळं ते पाणी एवढंच शिकलेला विद्यार्थी नेमकी माणसं राहतात तो भाग कोरडा दाखवून मोकळा होतो. शिवाय एकच उपग्रह एका मार्गावर पुन्हा यायला बारा दिवस घेतो. पाणी काही त्याच्यासाठी थांबत नाही. जुलै २०२५मध्ये गेलेल्या नासा-इस्रोच्या निसार या रडार उपग्रहामुळे आणखी रडार-चित्रं मिळतील, त्याच्या एस-बँड रडारचं काम आपल्या शेजारी अहमदाबादला झालं याचा मला अभिमानही आहे. पण भिंतींचा हा खेळ त्यालाही चुकलेला नाही.

आता जमिनीची उंची. फुकट मिळणारं, जमिनीच्या उंचीचं सर्वांत लाडकं मॉडेल म्हणजे एसआरटीएम, फेब्रुवारी २०००मध्ये अवकाशयानातून घेतलेलं. त्याचा एक चौकोन तीस मीटरचा. एका चौकोनात दांडिया बाजारातला अख्खा वाडा, त्याचं जोतं, समोरचा रस्ता आणि शेजारची नवी इमारत, सगळ्यांची मिळून एकच उंची! तीसुद्धा बऱ्याचदा छपरांची आणि झाडांच्या शेंड्यांची, त्यात काही मीटर इकडेतिकडे. घरात पाणी शिरणार की नाही हे ठरतं दोन फुटांच्या जोत्यावर. कुडत्याचं माप खंडीच्या काट्यावर घेण्यातला हा प्रकार आहे. आणि भूखी, रुपारेल, मसिया या आपल्या कांशी, म्हणजे पावसाचं पाणी वाहून नेणारे नाले? ज्यांवर स्लॅब पडले त्या तर त्यात दिसतच नाहीत. पाण्याला मात्र त्या बरोबर सापडतात.

जीपीएसने उंची घेऊ म्हणाल, तर त्याची गंमत वेगळीच. उपग्रहावरून मिळणारी कच्ची उंची पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासून मोजलेली असते. आपल्या भागात प्रत्यक्ष समुद्रसपाटी त्या लंबगोलाच्या पन्नास मीटरांहून जास्त खाली आहे. दुरुस्ती न करता आकडा लिहिला, तर बडोदं समुद्राच्या खाली जातं. असा आकडा पाहून न हसणाऱ्या विद्यार्थ्याला पदवी देऊ नये.

मग शिकवायचं काय? लेव्हलचं यंत्र आणि मोजपट्टी घेऊन मुलांना गल्लीत पाठवा. सर्व्हे ऑफ इंडियाच्या ज्ञात उंचीच्या खुणेपासून निघायचं आणि ज्या भिंतीवर २०१९चा, २०२४चा पाण्याचा डाग अजून आहे तिथवर उंची आणायची. त्या वर्षी पाणी कुठवर आलं होतं, हे घरातल्या आजींना विचारायचं. त्या जिन्याची पायरी दाखवतात आणि ती पायरी मोजता येते. याला मिरवायला जमेल असं नाव नाही, त्यामुळे निधी मिळत नाही, हे मला ठाऊक आहे. ड्रोनला मिळतो. ड्रोन घ्या, चांगलाच आहे, पण त्याच्या नकाशालाही जमिनीवरचे मोजलेले बिंदू लागतातच.

आणखी एक. पूर कुठे येतो आणि धोका कुणाला आहे, हे दोन वेगळे नकाशे. तळमजल्यावर एकटं कोण राहतं, कुणाचं डायलिसिस चालू आहे, रुग्णालयाचं जनरेटर तळघरात आहे का, हे कोणताही उपग्रह सांगत नाही. आणि आपल्याकडे पाण्याबरोबर मगरीही दारात येतात, तेव्हा सुटकेच्या वाटा आखताना वनखात्याच्या माणसाला वर्गात बोलवावंच लागेल.

वेळापत्रकाचंही बघा. परीक्षा एप्रिलमध्ये संपतात, प्रकल्प बांधून कपाटात जातात आणि पाऊस येतो जूनमध्ये. आपत्तीचा हा अभ्यासक्रम जूनमध्ये सुरू करा. पावसाळाभर मुलं पट्टीचे आकडे नोंदवतील, दिवाळीनंतर डाग मोजतील, आणि मे महिन्यात गल्लीनिहाय नकाशा महापालिकेच्या टेबलावर ठेवतील. पुढच्या पावसात तो किती फुटांनी चुकला, यावर त्यांना गुण द्या. आता तुमचे प्रश्न घेतो.